कर्बोदकं बंद करू की सगळं ‘प्रमाणात’ खाऊ?

तुमचं म्हणणं आधी थोडक्यात मांडते. वय ४३, वजन ९१ किलो होतं. भात, पाव, बटाटा, साखर, फळं सगळं बंद करून सात महिन्यांत ८० वर आलात. मग चार दिवसांच्या एका प्रवासात पथ्य मोडलं. परतल्यावर काटा ८३ दाखवत होता आणि तिथून जे सुटलं ते ८८ वर येऊन थांबलं. रक्तदाबाची गोळी चालू आहे, एचबीए१सी, म्हणजे रक्तातली सरासरी साखर दाखवणारी चाचणी, ६.१ आलीय. डॉक्टर म्हणतात, काहीच बंद करू नका, सगळं खा पण प्रमाणात. तुम्ही म्हणता, तेच तर जमत नाही, बिस्किटांचा पुडा फोडला की संपतोच. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी गत झाली आहे. आणि विचारताय, की शास्त्र नेमकं कोणाच्या बाजूनं?

वजनाच्या तक्रारी घेऊन येणाऱ्यांचा आहार ठरवणं हेच माझं बरीच वर्षं काम आहे, आणि हा प्रश्न याच शब्दांत वारंवार येतो. माझ्या मते तुमची अडचण कर्बोदकांची नाही आणि प्रमाणाचीही नाही. सात महिने तुम्ही पथ्य नीट पाळलंत, म्हणजे निर्धार कमी पडला असंही नाही. अडचण आहे ती प्रवासाहून परतल्यानंतरच्या आठवड्याची. पथ्य मोडलं तर पुढे काय करायचं, हे तुमच्या बेतात कुठेच नव्हतं. डॉक्टरांच्या सल्ल्यातही ते नाही.

आता शास्त्र. ‘लो-कार्ब (म्हणजे कमी कर्बोदकांचा आहार) विरुद्ध प्रमाण’ असा सामना लावला जातो, पण हे दोघं एका वजनगटातले पैलवान नाहीत. लो-कार्ब सांगतं काय खायचं नाही. ‘प्रमाणात खा’ हा सल्ला सांगतो की निर्णय दर वेळी तुम्हीच घ्या. लो-कार्बमध्येही बेसुमार खाता येतं. मूठमूठ बदाम आणि चीज खाऊन वजन वाढवलेली माणसं मी पाहिली आहेत. शंभर ग्रॅम बदामात सहाशेच्या आसपास कॅलरी असतात, त्यातली कर्बोदकं कमी असली म्हणून त्या मोजल्या जात नाहीत असं नाही. उलट, भात आणि पाव मोजून खाणारा माणूस नकळत बऱ्यापैकी कमी कर्बोदकं खात असतो.

ज्या आहारांची खरी तुलना झाली आहे ते म्हणजे कमी कर्बोदकं आणि कमी स्निग्ध पदार्थ. २००३ साली अमेरिकेत ६३ लठ्ठ व्यक्तींवर एक अभ्यास झाला. सहा महिन्यांनी लो-कार्बवाले स्पष्ट पुढे होते. वर्ष संपेपर्यंत दोन गटांतलं अंतर इतकं आक्रसलं की त्याला फरक म्हणता येईना, आणि दोन्हीकडचे मिळून चाळीस टक्क्यांच्या आसपास लोक मध्येच गळले होते. पुढे २००५ मध्ये बोस्टनमधल्या टफ्ट्स या वैद्यकीय केंद्रातल्या संशोधकांनी १६० जणांना चार वेगवेगळे नामांकित आहार वाटून दिले. वर्षभरानं दिसलं ते असं, की कोणता आहार मिळाला यावरून वजनाचा अंदाज फारसा येत नव्हता, तो कितपत पाळला यावरून येत होता.

२०१८ साली स्टॅनफर्डच्या ख्रिस्तोफर गार्डनर यांच्या गटाचा अभ्यास आला. तो मला सगळ्यांत उपयोगी वाटतो. ६०९ माणसं, पूर्ण एक वर्ष. कमी स्निग्ध आहाराच्या गटाचं सरासरी ५.३ किलो उतरलं, कमी कर्बोदकांच्या गटाचं ६ किलो. म्हणजे बरोबरीच. कोणाला कोणता आहार मानवेल हे जनुकांवरून किंवा इन्शुलिन किती स्रवतं त्यावरून सांगता येईल अशी आशा होती, तीही फोल ठरली. पण सरासरी बाजूला ठेवून एकेक माणूस पाहिला तर दोन्ही गटांत काहींचं पंचवीस किलोंच्या आसपास उतरलेलं, तर काहींचं सात-आठ किलो वाढलेलं. एकाच आहारावर! दोन्ही गटांना एक गोष्ट मात्र सारखीच सांगितली होती: साखर आणि मैदा शक्य तेवढा काढा, भाज्या भरपूर खा, शक्यतो घरी शिजवून खा. कॅलरी मोजायला कोणालाच सांगितलं नव्हतं, तरी दोन्हीकडे खाणं आपोआप कमी झालं. बरीचशी कमाई या सामाईक भागाची असावी असं मला वाटतं.

मग लो-कार्ब तुम्हाला इतकं छान का लागू पडलं? त्याची कारणं बहुतेक साधी आहेत. शरीर यकृतात आणि स्नायूंत ग्लायकोजेनच्या रूपात साखर साठवतं, साधारण चारशे-पाचशे ग्रॅम. दर ग्रॅममागे तीनेक ग्रॅम पाणी अडकलेलं असतं. कर्बोदकं बंद केली की हा साठा उतरतो आणि त्याच्याबरोबर पाणीही. शिवाय इन्शुलिन कमी झालं की मूत्रपिंडं मीठ जास्त बाहेर टाकतात, त्यासोबत आणखी पाणी जातं. म्हणून पहिल्या आठवड्यात दोन किलो झरझर उतरतात. त्यात चरबी थोडीच असते, पण हुरूप येतो, आणि हुरूप येणं काही वाईट नाही. दुसरं, प्रथिनं वाढतात. प्रथिनांनी पोट लवकर भरतं आणि भरलेलं राहतं, ती पचवायलाही शरीराला जास्त खर्च पडतो.

तिसरं कारण मला सगळ्यांत मोठं वाटतं. साखर, पीठ आणि चरबी एकत्र करून जे जे बनतं ते सगळं एका फटक्यात घराबाहेर जातं. बिस्किटं, केक, चिप्स, आइस्क्रीम. २०१९ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतल्या केव्हिन हॉल यांनी वीस जणांना संस्थेतच ठेवून घेतलं आणि दोन आठवडे अतिप्रक्रिया केलेलं, दोन आठवडे साधं शिजवलेलं अन्न दिलं. वाढलेल्या अन्नात साखर, चरबी, तंतू सारखे ठेवले होते, हवं तितकं खायची मुभा होती. अतिप्रक्रिया केलेल्या अन्नावर तीच माणसं दिवसाला पाचशे कॅलरी जास्त खात होती. कर्बोदकं बंद करताना तुम्ही नकळत हेच अन्न बंद केलंत. भाताचा आणि पावाचा त्यात किती वाटा होता, हे तुम्हालाही माहीत नाही, कारण सगळं एकदमच गेलं.

‘इन्शुलिन वाढलं की चरबीला कुलूप लागतं, म्हणून कर्बोदकं हाच खरा शत्रू’ हे तुम्ही ऐकलं असेल. गोष्ट सुटसुटीत आहे, पण त्याच हॉल यांनी २०२१ मध्ये वीस जणांना आलटून पालटून दोन आहार दिले: एक वनस्पतीजन्य, भरपूर कर्बोदकं आणि अगदी कमी चरबीचा; दुसरा प्राणिजन्य, कीटो पद्धतीचा, म्हणजे कर्बोदकं जवळपास बंद आणि चरबी भरपूर. पहिल्या आहारावर इन्शुलिन जास्त असूनही माणसं दिवसाला सहाशेहून अधिक कॅलरी कमी खात होती. अभ्यास छोटा आणि कमी दिवसांचा, म्हणून त्यावरून उलटा झेंडा घेऊन नाचायचं कारण नाही. रक्तातली साखर हा विषय मात्र वेगळा. ती आटोक्यात आणायला कर्बोदकं घटवण्याचा उपयोग होतो, हे मधुमेहाचे बहुतेक तज्ज्ञ मान्य करतात.

आता डॉक्टरांच्या सल्ल्याकडे. तो चुकीचा नाही, अपुरा आहे. ‘प्रमाणात’ म्हणजे किती हे ज्याचं त्यानं ठरवायचं असेल तर काय होतं, हेही तपासून पाहिलं गेलंय. जॉर्जिया विद्यापीठातल्या मिशेल व्हॅनडेलन आणि सहकाऱ्यांना २०१६ मध्ये आढळलं, की जो पदार्थ माणसाला जास्त आवडतो त्याचं ‘योग्य प्रमाण’ तो जास्त सांगतो. आपल्याला हवं तेवढं म्हणजेच प्रमाण, असं मन परस्पर ठरवून मोकळं होतं. ज्यांना अर्धा केक ताटलीत ठेवून उठता येतं त्यांना हा सल्ला पुरतो. अशी माणसं असतात, माझ्याकडे ती क्वचितच येतात. तुम्ही त्यांच्यातले नाही. निदान बिस्किटांच्या बाबतीत तरी नाही, आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही.

पण एक बघा. तुम्ही लिहिलंय की भात, बटाटा, फळं यांचा असा ताबा सुटत नव्हता. मग बिस्किटांची शिक्षा भाताला कशाला?

इथे कडक पथ्याची दुसरी बाजू येते. टोरांटोचे मानसशास्त्रज्ञ पीटर हर्मन आणि जॅनेट पोलिव्ही यांनी हे अनेक वर्षं अभ्यासलं. खाण्यावर सतत लगाम घालून असलेल्या माणसाला आधी मिल्कशेक प्यायला दिला आणि मग पुढ्यात आइस्क्रीम ठेवलं, तर तो ते कमी न खाता जास्त खातो. पथ्य मोडलंच आहे, आता काय उरलं! बुडत्याचा पाय खोलात. जर्मनीतल्या योआखिम वेस्टेनहोफर यांनी १९९१ मध्ये या लगामाचे दोन प्रकार वेगळे केले. एक ताठर, ‘पूर्ण पाळलं’ किंवा ‘मोडलं’ एवढंच जाणणारा. दुसरा लवचीक, आज थोडं जास्त झालं तर उद्या सावरणारा. ताठर लगामाबरोबर अनावर खाणं जास्त दिसलं, लवचीक लगामाबरोबर कमी.

तुमच्या प्रवासाचंच गणित करू. चार दिवसांत तीन किलो वाढले असं काटा म्हणाला. एक किलो चरबी म्हणजे साधारण ७,७०० कॅलरी. तीन किलो खरी चरबी चढायला चार दिवसांत गरजेपेक्षा तेवीस हजार कॅलरी जास्त खाव्या लागतील. कितीही ताव मारला तरी ते होत नाही. वाढलं ते मुख्यतः पाणी: रिकामा झालेला ग्लायकोजेनचा साठा भरला, खारट खाणं झालं, पोटात अन्नही जास्त होतं. खरी चरबी असेल फार तर अर्धा किलो. पहिल्या आठवड्यात काट्यानं तुम्हाला फुकटचं कौतुक दिलं होतं, ते या वेळी परत घेतलं, इतकंच. ८३ बघून हाय न खाता नेहमीचं जेवण सुरू केलं असतं तर दहा दिवसांत काटा ८१ च्या आसपास आला असता. वजन परत आलं ते त्यानंतरच्या महिन्यांत.

माझ्याकडे येणाऱ्यांना मी म्हणून आधी यादी करायला सांगते. हातातून सुटणारे पदार्थ कोणते? प्रामाणिकपणे लिहिली तर ही यादी दोन ते चार नावांपलीकडे जात नाही. त्यांच्यासाठी बंदीच बरी, पण ती घरात आणण्यावर. खाण्यावर नव्हे. बिस्किटांचा पुडा घरात येणार नाही. बाहेर कोणाकडे दोन पुढे आली तर खाल्ली, पथ्य मोडलं नाही. ‘एक खाऊ की दोन’ हा निर्णय रोज दहा वेळा घेण्यापेक्षा दुकानात एकदा घेणं कितीतरी सोपं. घरातल्या बाकीच्यांना हवीच असतील तर तुम्हाला न आवडणारी आणायला सांगा. हे गमतीनं म्हणत नाही, चालतं.

भात, पाव, बटाटा, डाळी, फळं ही दुसऱ्या गटात. यांना बंदी नाही, मोजमाप आहे, आणि ते डोळ्यांवर सोडायचं नाही. शंभर ग्रॅम शिजवलेल्या भातात साधारण २८ ग्रॅम कर्बोदकं, पावाच्या एका कापात १२ ते १५, मध्यम केळ्यात २७. तुमचं एचबीए१सी बघता दिवसाला १०० ते १३० ग्रॅम कर्बोदकं इथपासून मी सुरुवात करेन. म्हणजे प्रत्येक जेवणात पिष्टमय पदार्थ एकच आणि तो एकदाच वाढून घ्यायचा. भात असेल तर त्या जेवणात पाव-बटाटा नाही. पहिले दोन आठवडे स्वयंपाकघरातल्या छोट्या काट्यावर तोलून घ्या, पुढे ठरावीक वाटी पुरते. फळ रोज एक-दोन, चावून, रस नको. डाळींवर उगीच राग धरू नका, त्यांतल्या कर्बोदकांबरोबर तंतू आणि प्रथिनंही येतात.

भाज्या आणि अंडी, मासे, दही, चिकन, टोफू यांच्या बाबतीत मी फार काटेकोर नसते. उलट प्रथिनं कमी पडतात हीच नेहमीची तक्रार. वजनाच्या दर किलोला १.२ ग्रॅमच्या आसपास प्रथिनं धरली तर ८० किलोच्या हिशेबानं तुम्हाला दिवसाला शंभरेक ग्रॅम होतात. एका अंड्यात सहाच ग्रॅम असतात, म्हणजे नाश्त्याला एक अंडं खाऊन भागत नाही. मूत्रपिंडाचा आजार असेल तर मात्र हा आकडा आपल्या आपण धरू नका. तेलाकडेही एक नजर असू द्या. मोठा चमचाभर तेल म्हणजे १२० कॅलरी, आणि ते हातून कधी जास्त पडतं कळत नाही.

आता मोडल्यावरचं. ते मोडणारच आहे, म्हणून आधीच कागदावर लिहून ठेवा. पुढचं जेवण नेहमीचं. उपाशी राहून भरपाई करायची नाही, कारण त्या रात्री पुन्हा ताबा सुटतो. आठवडाभर काट्यावर चढायचं नाही. एरवी रोज वजन केलं तरी आठवड्याची सरासरीच लिहायची. ती लागोपाठ दोन आठवडे दीड-दोन किलोंनी वर राहिली तरच दुसऱ्या गटातली मोजमापं पंधरा दिवस आवळायची. अमेरिकेत १९९४ मध्ये एक नोंदवही सुरू झाली, किमान १३.६ किलो घटवून वर्षभर टिकवणाऱ्यांची. त्यात दिसतं, की कामाच्या दिवशी आणि सुट्टीच्या दिवशी साधारण एकसारखं खाणाऱ्यांचं वजन जास्त टिकतं. पाच दिवस कडकडीत आणि दोन दिवस मोकाट, या पद्धतीवर माझा विश्वास त्यामुळेच कमी आहे.

तरीही पूर्वीसारखं कडक लो-कार्बच करायचं असेल तर? करा, माझा तत्त्वतः विरोध नाही. काहींना थोडं खाण्यापेक्षा अजिबात न खाणं खरंच सोपं जातं. पण तेव्हाही मोडल्यावरचा कागद हवाच. आणि ज्यांना पूर्वी कधी अनावर खाण्याचे झटके येत असत, खाऊन उलटी काढण्याची सवय होती, त्यांनी कोणत्याही बंदीच्या वाटेला एकट्यानं जाऊ नये. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांनीही कीटो करू नये.

औषधांचं बोलायलाच हवं, कारण तुमची गोळी चालू आहे. कर्बोदकं एकदम घटवली की मीठ-पाणी जाऊन रक्तदाब उतरतो, आणि गोळी तीच राहिली तर उभं राहताना चक्कर येते. पहिले तीन-चार आठवडे घरी रक्तदाब मोजून लिहा आणि डॉक्टरांना दाखवा. डोस त्यांनीच बदलायचा. तुम्हाला मधुमेहाचं औषध नाही, पण हे वाचणाऱ्या दुसऱ्या कोणाला असेल तर: इन्शुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी चालू असताना कर्बोदकं तोडली तर साखर धोकादायकरीत्या खाली जाऊ शकते. ज्या औषधांच्या नावाच्या शेवटी ‘ग्लिफ्लोझिन’ येतं, ती चालू असताना कीटो केलं तर साखर फारशी वाढलेली नसतानाही रक्तात आम्ल साठण्याचा धोका असतो. ही मंडळी डॉक्टरांशी बोलल्याशिवाय सुरुवातच करणार नाहीत, असं मी धरून चालते.

राहिला किती उतरवायचं हा मुद्दा. तुमच्या डोळ्यांपुढे ८० आहे. माझ्या हिशेबात आधी ८२. मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या तीन हजारांहून अधिक लोकांवर अमेरिकेत एक मोठा अभ्यास झाला, त्याचे निकाल २००२ मध्ये आले. ७ टक्के वजन घटवणं आणि आठवड्याला १५० मिनिटं चालणं एवढंच उद्दिष्ट ठेवलेल्या गटात मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी कमी झालं. त्यांचा आहार कमी चरबीचा होता, लो-कार्ब नव्हता. तुमच्या ८८ चे ७ टक्के म्हणजे सहा किलो. महिन्याला दीड-दोन किलोंच्या गतीनं चार महिन्यांच्या आसपास होईल.

एचबीए१सी मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी दाखवतं, त्यामुळे तीन महिन्यांच्या आत पुन्हा करून पैसे घालवू नका. करताना एलडीएलही (‘वाईट’ कोलेस्टेरॉल) करा, कारण कर्बोदकांच्या जागी लोणी-चीज वाढलं तर काहींचं ते बरंच चढतं. एचबीए१सी ५.७ च्या खाली आलं असेल आणि वजन उतरतं असेल तर दुसऱ्या गटातलं मोजमाप थोडं सैल करता येईल. ६ च्या वरच अडकलं असेल तर ते दिवसाला ८०-९० ग्रॅमवर आणून पाहू. पहिल्या गटाची यादी दोन्ही वेळा आहे तशीच राहील.